डाव्या हाताचा क्लच

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत मिरवणाऱ्या लोकांबद्दल माझं मत कधीच बरं नव्हतं. छातीवर बिल्ला, डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बॉनेटखाली काय आहे विचारलं की ड्रायव्हरला हाक. असली माणसं मला बघवत नाहीत. मागच्या हिवाळ्यापासून मात्र त्या यादीत मी स्वतःलाही धरतो. ते काहून, तेच सांगायला बसलोय.

आधी गाडीचं सांगतो. गाडी बाबांची. चार दारांची, छोटी, मातकट हिरव्या रंगाची. ती बनवणारी कंपनी मी नोकरीला लागायच्या आतच बुडाली. नाव लिहीत नाही. बुडालेल्या कंपनीचं नाव घेऊन टाळ्या मिळवणारे गावात पुष्कळ झालेत, त्यात माझी भर नको. कंपनी गेली तसे सुटे भागही बाजारातून गेले. गाडी आमच्या घरी राहिली.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डावा पाय नावालाच. आई शाळेत शिकवायची. दोघांनी मिळून ही गाडी नवीकोरी घेतली, आणि कचेरीत हसू पिकलं. ‘लंगड्याची मोटार’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, कारण बाबा कोणाला उलटून बोलत नसत. क्लच दाबायचा डाव्या पायानं, आणि याचा डावा पाय तर उचलतच नाही. मग हा काय हळदकुंकू वाहून गाडीची पूजा करणार, असा एकंदर सूर.

बाबांनी पूजा केली नाही. कन्हानला खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या ओळखीचा एक फिटर होता. पहिल्याच आठवड्यात गाडी त्याच्याकडे गेली. त्यानं गिअरला लागूनच दुसरा एक लोखंडी दांडा बसवला आणि तो खालून सळईनं क्लचच्या पेडलला जोडला. दांडा मागे ओढला की पेडल आपोआप खाली जातं. तळव्यानं दांडा ओढायचा, त्याच हाताच्या बोटांनी गिअर टाकायचा, मग दांडा हळूहळू सोडायचा. डाव्या पायाचं काम डाव्या हातानं. नुसतं लोखंड हाताला टोचायचं, म्हणून बाबांनी उमरेडहून आजोबांच्या हातमागावरचा जुना धोटा आणला, ताण्यातून सूत इकडून तिकडं नेणारा लाकडी तुकडा. आमचं घराणं विणकरांचं. माग बंद पडले म्हणून बाबा कारकून झाले, नाहीतर तेही मागावरच बसले असते. त्या धोट्याची लोखंडी टोकं कापून फिटरनं दांड्याला मूठ केली. सुताची कांडी बसायची त्या खोबणीत अंगठा बरोबर बसतो.

त्या गाडीतून बाबांनी आईला रोज शाळेत सोडलं, आजीला दवाखान्यात नेलं, आणि मला ड्रायव्हिंग शिकवलं. जसं त्यांना येत होतं तसंच शिकवलं. पुढं मी हिंगण्याच्या कारखान्यात लागलो, स्कूटर घेतली, तिच्यावरच सगळी नोकरी काढली. आता निवृत्त झाल्यावर मुलीच्या आग्रहानं एक ऑटोमॅटिक घेतली आहे, जिच्यात बसून नुसतं बघत राहायचं असतं. बाबांची गाडी मी आठवड्यातून एकदा सुरू करतो, कॉलनीत फिरवून आणतो. बाबांनी स्वतः चालवलेली नाही तीन वर्षं. चौऱ्याऐंशी झाले, डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून किल्ली मी माझ्या कपाटात ठेवली. त्यांनी ती एकदाही मागितली नाही. मागितली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्यामुळं एका सकाळी पेपर माझ्यापुढं सरकवून ते बोलले, तेव्हा मी चमकलोच. सदरजवळच्या एका मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. शेवटी मालकांनी आपापली गाडी चालवत मैदानाला एक फेरी मारायची, असं खाली छापलं होतं. त्या ओळीखाली बाबांनी पेननं रेघ मारली होती.

“मैदानात ट्रक नाही, ऑटो नाही, आडवं येणारं कुत्रंबी नाही,” बाबा म्हणाले. “मले एक फेरी मारायची आहे. माझ्या हातानं. मग ठेव तुले ठेवायची तितके दिवस किल्ली.”

“बाबा, तिथं नुसती थेरं असतात. असल्या माणसांत तुम्ही काय—”

“असू दे नं बाप्पा. मले काय त्याईच्याशी सोयरीक करायची आहे?”

एक फेरी, बस. त्याहून जास्त काही त्यांनी मागितलं नव्हतं.

रविवारी सकाळी मीच गाडी चालवत नेली, बाबा शेजारी. मैदानाच्या तोंडाशी लाल गालिचा अंथरला होता आणि त्यावर टायरांनी इतकी धूळ आणली होती की गालिचा आहे हे सांगावं लागत होतं. मंचावर एक मुलगी माइकमध्ये “हेरिटेज, हेरिटेज” करून राहिली होती. तर्री-पोह्याच्या स्टॉलवर माणसं, गाड्यांपाशी नुसते मोबाइल. लोक गाडीकडं पाठ करून उभे राहायचे, तोंड वाकडं करून फोटो काढायचे आणि गाडी न बघताच निघून जायचे. प्रत्येक कंपनीच्या गाड्यांची वेगळी रांग होती. आमच्या बुडालेल्या कंपनीची रांग पाहिली आणि हसू की बोंब मारू, मला कळेना.

आमची धरून आठ गाड्या, आमची एका टोकाला जरा लांब लावलेली. बाकीच्या सात तर मी ओळखल्याच नसत्या. एकीचं छप्पर कापून मागं मखमलीचं सिंहासन बसवलं होतं, वरातीत नवरदेवाला मिरवायला. पोटाखाली जांभळे दिवे, तेही भर उन्हात चालू. एकीची दारं वर उघडत होती, त्यातलं एक वर जाऊन अडकलं होतं आणि ते खाली ओढायला दोन माणसं लटकली होती. एकीला कुळकुळीत काळा रंग, बॉनेटवर कवटी. कवटी! ज्या गाडीत बसून माणसं मुलगी बघायला जायची, तिच्या कपाळावर कवटी. आणि इंजिनं तर कोणाचीच जागची नव्हती. दुसऱ्या कंपनीचं इंजिन, तिसरीची चाकं, चौथीच्या सीटा, आणि वर या बिचाऱ्या मेलेल्या कंपनीचा बिल्ला घासूनपुसून लावलेला. याला म्हणे ‘कस्टम’ म्हणतात. आमच्याकडं याला वाट लावणं म्हणतात.

सिंहासनवाल्या गाडीचा मालक कोचिंग क्लासवाला होता. गळ्यात बैलाला शोभेल एवढी सोन्याची साखळी. जमलेल्या लोकांना सांगून राहिला होता, “दादाजी की निशानी है.” दादाजी! अरे, ती गाडी कन्हानच्या पुलाअलीकडं एका भंगारवाल्याच्या अंगणात कित्येक वर्षं उभी असलेली मी पाहिली आहे. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. मागच्या फेंडरवरचा पोचा तोच होता, रंगाखालीसुद्धा दिसत होता.

“और वो मुर्गी कहाँ गई?” मी त्याला विचारलं.

“कौन सी मुर्गी, अंकल?”

“आपके दादाजी के पहचान की थी,” म्हटलं आणि पुढं झालो.

बाबांनी माझा दंड दाबला. “काहून लोकाईले डिवचून राहिला? हौस आहे त्याची.”

“हौस नाही बाबा, माज आहे.”

“तोबी तुले काही कमी नाही,” बाबा म्हणाले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले.

मग परीक्षक आले. पुण्याहून मुद्दाम बोलावलेले. पांढरे हातमोजे, हातात टॉर्च, एका काठीला आरसा बांधलेला. त्या सात गाड्यांसमोरून ते नाकाला रुमाल लावल्यागत निघून आले, ते मला फार आवडलं. आमच्या गाडीभोवती त्यांनी तीन चकरा मारल्या. सीटच्या शिवणी बघितल्या, आरसा खाली सरकवून गाडीचं पोट बघितलं. मग ड्रायव्हरच्या दारापाशी गुडघ्यावर बसून आत टॉर्च मारला आणि तिथंच थांबले.

“हे क्लचच्या पेडलचं रबर मूळचं आहे?”

“कंपनीचंच,” मी म्हटलं.

“अहो, याच्या रेघासुद्धा झिजलेल्या नाहीत! सगळ्यांची गुळगुळीत होतात. इतक्या वर्षांत मी असं रबर बघितलं नव्हतं. फार जपलंय हो तुम्ही.”

बाबा माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसले. पायच लागला नाही तर रबर झिजणार कसं? हे मी त्या माणसाला तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं. पण कोणीतरी जाणकार, हातमोजे घातलेला, शुद्ध बोलणारा माणूस आमच्या गाडीची तारीफ करत होता आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मी म्हटलं, “जपावं लागतं साहेब.” लाज वाटते आता.

ते उठले, आणि मग त्यांना दांडा दिसला. “हे काय?”

मी सांगितलं. बाबांचा पाय, कन्हानचा फिटर, आजोबांचा धोटा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. “छान आहे. पण मग ही मूळ गाडी ठरत नाही. चालवण्याच्या यंत्रणेत बदल केला की गाडी कस्टम गटात. नियम आहे. एक करा, हा दांडा काढून ठेवा. पेडल आहेच की. मूळ गटात या कंपनीची तुमची एकटीच गाडी आहे, प्रमाणपत्र आत्ता लिहून देतो. नाहीतर तिकडं लावा.”

तिकडं म्हणजे सिंहासन आणि कवटीच्या मधली मोकळी जागा.

“लाव नं तिकडं,” बाबा खुर्चीवरून म्हणाले. “मले काय, फेरी कुठूनबी मारता येते.”

इथं माझं डोकं फिरलं. त्या लफंग्यांच्या घोळक्यात आपली गाडी? जांभळ्या दिव्यांच्या शेजारी? तो साखळीवाला उद्या म्हणेल, अंकल, आप भी अपनेवाले निकले. मी बाबांसमोर उकिडवा बसलो आणि लहान पोराला समजवावं तसं समजवायला लागलो. बाबा, एका दिवसाचा प्रश्न आहे. दोन नट अन् एक पिन, घरी गेल्यावर परत लावतो. फेरी मी मारतो, तुम्ही शेजारी बसा. गाडी तर तुमचीच ना? प्रमाणपत्रावर नाव तुमचंच येईल. भिंतीवर लावू.

बाबांनी उघड्या दारातून त्या धोट्याच्या मुठीकडं बघितलं. मग म्हणाले, “काढ.”

कचेरीत हसणाऱ्यांना ते उलटून बोलले नाहीत, तसंच मलाही बोलले नाहीत. ते काय देऊन टाकत आहेत, हे मला कळत नव्हतं असं नाही. पुरतं कळत होतं. एक फेरी मागितली होती माणसानं, आणि ती मी त्यांच्या हातातून काढून घेत होतो, कशासाठी, तर मला कोचिंगवाल्याच्या शेजारी उभं राहायला नको होतं म्हणून. तरी मी डिकीतून पाना काढला.

दांडा निघाला. गाडीच्या तळाच्या पत्र्याला दोन भोकं उरली, त्यांवर मी पायपुसणं सरकवलं. परीक्षकांनी खरंच तिथल्या तिथं प्रमाणपत्र लिहून दिलं. सोनेरी कडा, मधे बाबांचं नाव, खाली ‘मूळ स्वरूपात जतन केलेले वाहन’. मी बाबांना शेजारच्या सीटवर बसवलं, दांडा जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांच्या मांडीवर दिला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलो.

फेरीसाठी आमचं नाव पहिलं पुकारलं. माइकवाली मुलगी “ओरिजिनल, एकदम ओरिजिनल” करून राहिली होती, दोरीमागं लोकांनी मोबाइल वर केले होते. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. मी रुबाबात डावा हात खाली नेला, आणि मूठ रिकाम्या हवेत मिटली.

मी आयुष्यात कधी पायानं क्लच दाबला नव्हता. बाबांच्या गाडीत तो हातात, स्कूटरवर हातात, ऑटोमॅटिकला नाहीच. साठी उलटली, आणि ही गोष्ट त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आली नव्हती. आमच्या घरात क्लच हातानं दाबतात. बाकीचं जग पायानं दाबतं हे डोक्याला ठाऊक होतं, पायाला कोणी सांगितलंच नव्हतं.

हाताच्या सवयीनं मी तसाच गिअर ढकलला. आतून असा काही कर्रकन आवाज आला की बाबांनी डोळे मिटले. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा आठवणीनं पाय ठेवला, दाबला, आणि ब्रेकवरून काढावा तसा धाडकन काढला. पुन्हा उडी, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी वाकडी उसळली आणि दोरीचा खांब पाडूनच थांबली.

“अंकल, क्लच! क्लच दबाइए!” मुलगी माइकवर ओरडली. सगळं मैदान हसलं. कोचिंगवाला दोन माणसं घेऊन धावत आला आणि धक्का मारून त्यानं गाडी सरळ केली. “कोई बात नहीं अंकल, होता है,” म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर टिंगल असती तर फार बरं झालं असतं. नव्हती.

बाबा माझ्याकडं वळून बघत होते.

“काहून गा,” ते म्हणाले, “तुले तर दोन्ही पाय आहेत नं?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. “मले वाटलं, तुले येत असंन. साऱ्याईले येते तसं.”

मी खाली पेडलकडं बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या सीटवर समजलं. दिवसभर मी लोकांच्या गाड्यांतलं खोटं हुडकत फिरत होतो, आणि बाबांनी जे शिकवलं त्याच्याशिवाय मला एक फूटसुद्धा गाडी हलवता येत नव्हती. तेच मी दोन नट काढून टॉवेलात गुंडाळलं होतं.

“दांडा लाव,” बाबा म्हणाले आणि टॉवेल माझ्याकडं केला.

मी उतरून गुडघ्यावर बसलो. पेडलच्या कोऱ्या रबरावर माझ्या बुटाची धूळ उमटली होती, ती रुमालानं पुसली. नट बसवायला आत वाकलो. आत अंधार होता, तर कोणीतरी मागून मोबाइलचा उजेड धरला. कोचिंगवालाच होता.

परीक्षक आले. “अहो, हे परत लावलंत तर प्रमाणपत्र परत घ्यावं लागेल मला.”

बाबा तोवर दाराला धरून उतरले होते, गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आले होते. सीटवर बसले, दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवला. “घ्या नं,” ते म्हणाले. “याच्याजवळ आहे. यालेच पाहिजे होतं ते.”

मी प्रमाणपत्र देऊन टाकलं. मग शेजारच्या दाराकडं निघालो.

“तू थांब इथंच,” बाबा म्हणाले.

“अहो, पण तुमचे डोळे...”

“थांब गा. एकट्यानं मारायची आहे.”

त्यांनी दांडा ओढला, दोन बोटांनी पहिला गिअर टाकला, आणि दांडा इतका हळू सोडला की गाडी निघाली तेही कळलं नाही. हिसका नाही, आवाज नाही. दोरीच्या कडेकडेनं ते गेले, मंचासमोरून गेले, कवटी आणि सिंहासनाच्या समोरून गेले. मुलगी माइकवर काहीच बोलली नाही, बहुतेक तिच्या यादीत आता हे नाव नव्हतं. फेरी पूर्ण करून माझ्यासमोरून जाताना त्यांनी मला हात केला नाही. डावा हात दांड्यावर होता, उजवा चाकावर. नुसती मान हलवली आणि पुढं गेले. एक म्हणाले होते, दुसरीही मारली.

मग गाडी माझ्यापाशी आणून उभी केली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

“घे. घरी तू ने,” बाबा म्हणाले. “दांडा लावला आहे आता.”